काडतुसांचं खोकं कुणाच्या हाती पडतं?

अमेरिकेत काडतुसं ऑनलाइन मिळतात, याचा दोष इंटरनेटला दिला जातो. पण हे दार उघडलं १९८६ साली. त्याआधी, १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमुळे काडतुसं विकायला परवाना लागायचा, टपालाने परराज्यात पाठवायला बंदी होती आणि दुकानदाराला गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी लागायची. १९८६च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने ही तिन्ही बंधनं उठवली. नोंदवह्यांचे ढीग साठत होते आणि तपासात त्यांचा फारसा उपयोग होत नव्हता, हे खुद्द केंद्रीय शस्त्रखात्यानेच मान्य केलं होतं.

आज खरेदी कशी होते? नऊ मिलिमीटरच्या गोळ्या ५०च्या खोक्यात येतात. अशी २० खोकी म्हणजे हजारांची एक पेटी. गिऱ्हाईक वयाच्या चौकटीत टिक करतं, कार्डाने पैसे भरतं. सरकारी टपालखातं काडतुसं नेत नाही, खाजगी कुरिअर नेतात. पेटी दारात आल्यावर प्रौढ माणसाची सही घ्याच, असं केंद्रीय कायदा म्हणत नाही. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला काडतूस बाळगायला मनाई आहे, पण विकणाऱ्याने त्याची पार्श्वभूमी तपासावी, असं केंद्रीय बंधन नाही. आपल्याकडे शस्त्रपरवान्यावरच काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि दुकानदार खरेदी त्यावर चढवतो. तिथे बहुतेक राज्यांत बंदूक बाळगायलाच परवाना लागत नाही, मग चढवणार कशावर?

जुलै २०१२मध्ये कोलोराडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात १२ जण मारले गेले. मारेकऱ्याने सहा हजारांवर गोळ्या ऑनलाइन घेतल्या होत्या. मे २०१८मध्ये टेक्सासच्या सांता फे शाळेत १० जणांचा जीव गेला. आरोपी १७ वर्षांचा. त्याने गोळ्या ऑनलाइन मागवल्या आणि कुणी वयाचा पुरावा पाहिला नाही, असं मृतांच्या कुटुंबांनी न्यायालयात मांडलं.

ऑरोरानंतर सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग आणि प्रतिनिधी कॅरोलिन मॅकार्थी यांनी विधेयक आणलं. विक्रेत्याला परवाना, खरेदीच्या वेळी फोटो ओळखपत्र, विक्रीची नोंद आणि पाच दिवसांत हजारावर गोळ्या घेतल्या तर पोलिसांना कळवणं. ते मंजूर झालं नाही. ओळखपत्राची अट मला पूर्ण पटते. हजाराचा आकडा पटत नाही. ट्रॅप नेमबाजीत, म्हणजे हवेत उडणाऱ्या थाळ्या टिपण्याच्या खेळात, एका फेरीत निदान २५ काडतुसं जातात, दिवसाला चार फेऱ्या म्हणजे निदान १००. सरावाचा साठा एकदम घेणारा खेळाडू या जाळ्यात सापडतो आणि ९०० गोळ्या घेणारा सुटतो. शिवाय वर्दी जाते ती विक्री झाल्यावर.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली, आणि मला ती बरोबर वाटते. मागणी ऑनलाइन नोंदवा, पण खोकं परवानाधारक दुकानात येईल. तिथे तपासणी होऊनच ते तुमच्या हातात पडेल. दुकानातून घेण्याची अट २०१८पासून, तपासणी १ जुलै २०१९पासून. अडचण आली ती नोंदींची. दुकानदार नाव आणि पत्ता राज्याच्या बंदूक-नोंदींशी जुळवतो. घर बदललं आणि नोंदीत जुनाच पत्ता राहिला, की नकार. २०१४पूर्वीच्या रायफलींच्या विक्रीची नोंद तर राज्य जपतच नव्हतं, म्हणून त्यांचे मालक यादीत सापडतच नाहीत. पहिल्या सात महिन्यांत सुमारे १६ टक्के खरेदीदारांना परत जावं लागलं. त्यांत खरोखर बंदी असलेले मोजकेच होते. ऑलिम्पिक नेमबाज किम रोड यांच्या दाव्यात हेच आकडे पुढे आले आणि न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २०२०मध्ये कायद्याला अंतरिम मनाई केली आणि २०२४मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

काही मृत्यूही टळणार असतील तर ही तपासणी हवीच. पण पत्ता जुळला नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसाला तिथल्या तिथे काउंटरवर पत्ता दुरुस्त करता आला पाहिजे, आणि जुन्या रायफलीची नोंद करायला राज्य जे १९ डॉलर घेतं, ते आधी माफ झाले पाहिजेत.