रंगाखालचे विमान: मोठी तपासणी आणि रंगकाम यांचे नाते

नमस्कार. प्रवासी विमानाला नवा रंग देणे म्हणजे कंपनीचे बोधचिन्ह उठून दिसावे म्हणून केलेली सजावट, असा समज सर्रास आढळतो. मला तो मान्य नाही. रंगकाम हा विमानाच्या देखभालीचाच एक भाग आहे, आणि त्यात झालेली चूक प्राणघातक ठरू शकते. हे नीट समजण्यासाठी आधी मोठ्या तपासणीकडे पाहू.

किरकोळ तपासण्या एखाद्या रात्रीत आटोपतात आणि सी-चेक नावाची त्याहून मोठी तपासणी साधारण दीड-दोन वर्षांनी येते. सर्वांत सखोल तपासणी मात्र सहा ते दहा-बारा वर्षांतून एकदा होते आणि तिला रूढ भाषेत डी-चेक म्हणतात. त्या काळात विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये जॅकवर उभे असते. आसने, सामानाचे कप्पे, भिंतींची आवरणे, पायाखालच्या फळ्या असे सारे काढून सांगाडा उघडा केला जातो. गॅली (विमानातील स्वयंपाकघर) आणि शौचालये यांच्या खालचा भाग तंत्रज्ञ विशेष बारकाईने पाहतात, कारण तिथे वर्षानुवर्षे झिरपलेल्या द्रवामुळे ॲल्युमिनियम गंजलेले सापडण्याची शक्यता जास्त असते.

एवढ्या खोलात शिरण्याचे कारण हवेच्या दाबात आहे. उंचावर बाहेरची हवा विरळ असल्यामुळे केबिनमध्ये दाब राखावा लागतो, आणि आतल्या-बाहेरच्या दाबातील फरकामुळे धडाच्या, म्हणजे विमानाच्या नळीसारख्या मुख्य भागाच्या, दर चौरस मीटर पत्र्यावर सुमारे ६ टनांचा भार बाहेरच्या दिशेने पडतो. विमान उतरले की हा भार नाहीसा होतो आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा येतो. या सततच्या आवर्तनांमुळे रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) छिद्रांपाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा सुरू होतात. त्या शोधण्यासाठी विद्युतप्रवाहाच्या भोवऱ्यांवर आधारलेली उपकरणे, श्राव्यातीत ध्वनिलहरी आणि क्ष-किरण वापरले जातात.

२८ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेतील हवाई बेटांदरम्यान उडणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे २४,००० फुटांवर उडून गेला. त्या विमानाची जवळजवळ ९०,००० उड्डाणे झाली होती, तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या सांध्यातील चिकटवण सुटले होते, गंज लागला होता, आणि एकाच ओळीतील अनेक रिव्हेटांपाशी पडलेल्या भेगा एकमेकींना मिळाल्या. विमानात ९५ जण होते. एका हवाईसेविकेचा मृत्यू झाला, बाकीच्यांना वैमानिकांनी जिवंत उतरवले. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला धडावर भेग दिसली होती, पण ती तिने कोणाला सांगितली नाही. मला वाटते, तिला दोष देण्यात अर्थ नाही. ती भेग शोधण्याची जबाबदारी तिची नव्हतीच.

आता रंगाकडे येऊ. जुना रंग उतरतो तेव्हा पत्रा, सांधे आणि पूर्वीच्या दुरुस्त्या उघड्या होतात, आणि रंगाच्या थरामुळे जे झाकले गेले होते ते तपासता येते. म्हणूनच मोठी तपासणी आणि रंगकाम लागोपाठ करण्याची पद्धत मला अतिशय योग्य वाटते. रंग उतरवण्यासाठी रासायनिक द्रावण फवारतात, पण त्याआधी खिडक्या, चाके, सीलंट (सांधे बंद करणारा लेप) आणि कार्बन तंतूंचे भाग झाकावे लागतात. कार्बन तंतूंच्या धडावर हे द्रावण सहसा चालत नाही. तिथे थर घासूनच काढावे लागतात, आणि घासताना खालच्या तंतूंना धक्का लागता कामा नये. ॲल्युमिनियमवरचा जुना सीलंट खरवडताना धातूचे धारदार हत्यार वापरले, तर पत्र्यावर बारीक ओरखडा उमटतो आणि दाबाच्या आवर्तनांत त्याचीच भेग होऊ शकते. त्यामुळे प्लॅस्टिकची खरवडणी वापरण्याचा आग्रह धरला जातो.

पत्रा स्वच्छ झाला की गंजरोधक प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि त्यावर रंग असा क्रम असतो. पारंपरिक प्रायमरमधील क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक असल्याने कामगारांना श्वसनसंरक्षक साधने अत्यावश्यक असतात. रंगाची जाडीही मोजून ठेवावी लागते. मोठ्या विमानावरील रंगाचे वजन शेकडो किलो भरते, आणि नाकाडावर थर जाड झाला तर त्यामागच्या हवामान रडारच्या लहरींना अडथळा होतो. शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलते नियंत्रण-पृष्ठभाग रंगवल्यावर त्यांचा तोल पुन्हा तपासतात, कारण तो बिघडल्यास वेगात ते थरथरू लागून तुटू शकतात.

शेवटी झाकणे काढण्याचे काम उरते. धडावर हवेचा स्थिर दाब मोजणारी लहान छिद्रे असतात. उंची आणि वेग दाखवणारी यंत्रे त्यांवर अवलंबून असतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ लिमाहून रात्री निघाले, तेव्हा धुण्याच्या आणि चकाकी देण्याच्या कामासाठी त्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. अंधारात वैमानिकांना खरी उंची कळेना आणि वेगाचे आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत. विमान समुद्रात कोसळले आणि ७० जणांपैकी कोणीही वाचले नाही. म्हणून अशी छिद्रे झाकताना दुरूनही दिसेल असे भडक रंगाचे आवरण वापरावे, लावलेल्या प्रत्येक आवरणाची नोंद करावी, आणि विमान सेवेत सोडण्यापूर्वी काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने प्रत्येक छिद्र स्वतः पाहून सही करावी.