गाण्याआधीचं पान

(दृश्य: सीताबर्डी, झाशी राणी चौक. मेट्रोचा पूल, खाली रहदारी.)

नागपुरात गाणी लिहिणारे पोट्टे आज गल्लोगल्ली आहेत. कुणी भीमगीतं लिहितो, कुणी रॅप, कुणी यूट्यूबसाठी लग्नाची गाणी. मोबाइलवर बीट लावायचा, तोंडानं ‘ला ला ला’ म्हणत चाल धरायची आणि तिच्यात शब्द बसवायचे. शब्द बसतातही. पण चार गाणी झाली की तोच चंद्र, तेच डोळे, ‘साथ’ला ‘हात’ आणि ‘हात’ला ‘रात’. गाणी ऐकूनच गाणी लिहिली तर दुसरं काय होणार?

या शहरातले जुने गीतकार काय वाचत होते, ते बघू.

(दृश्य: ग्रंथालयातलं कपाट. जुनी कवितेची पुस्तकं.)

राजा बढे. जन्म नागपूरचा, 1912 सालचा. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्यांचं. 2023 मध्ये ते राज्यगीत झालं. याच माणसानं हाल या सातवाहन राजाची गाथासप्तशती मराठीत आणली, ‘शेफालिका’ या नावानं. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा. एकेक गाथा दोन ओळींची, आणि तेवढ्यात नदीकाठ, शेत, रुसवा, वाटसरू असा अख्खा प्रसंग उभा. अंतऱ्यात गीतकाराला हेच तर करायचं असतं. जागा थोडी, आणि ऐकणाऱ्याला मागचं पान उलटायची सोय नाही. शिवाय भाषांतर करणाऱ्याइतकं सावकाश कुणीच वाचत नाही. एका शब्दासाठी तो तासभर अडून बसतो.

आता त्यांचीच एक ओळ, हातानं ताल धरून, मोठ्यानं वाचा.

चांदणे शिं, पीत जाशी, चालता तू, चंचले.

गालगागा तीनदा, शेवटी गालगा. ‘गा’ म्हणजे गुरू, लांब अक्षर; ‘ल’ म्हणजे लघू, आखूड. वरचे स्वल्पविराम या गटांचे. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक, बेरीज 26. या वृत्ताला देवप्रिया म्हणतात. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशा भोसल्यांचा. पण पेटी उघडण्याआधीच ही ओळ चालायला लागलेली आहे. मनातल्या मनात वाचताना हे निसटतं. म्हणून गाणी लिहिणाऱ्यानं आवाज करून वाचावं, घरच्यांची हरकत नसेल तर.

(दृश्य: रेशीमबाग. कविवर्य सुरेश भट सभागृह.)

सुरेश भट जन्मले अमरावतीत, 1932 साली. गेले नागपुरात, 2003 साली. नवख्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. गझल दोन-दोन ओळींच्या शेरांची. मतल्यानं, म्हणजे पहिल्या शेरानं, काफिया, म्हणजे यमक, एकदा ठरवला की तो प्रत्येक शेरात सांभाळावा लागतो. मतल्याच्या दोन्ही ओळींत काफिया, पुढे शेराला एक; पाच शेरांची गझल म्हणजे सहा काफिये. शब्दांचा साठा तुटपुंजा असेल तर तिसऱ्याच शेरात ओढाताण सुरू होते. यमकांची यादी पाठ करून हे सुटत नाही. यादीतला शब्द एकटा असतो. पुस्तकात भेटलेला शब्द कुठे शोभतो आणि कुठे नाही, तेही सोबत घेऊन येतो.

(दृश्य: दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिन. पुस्तकांचे स्टॉल.)

भीमगीत लिहिणाऱ्याची परीक्षा आणखी कडक. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून दरवर्षी इथे गर्दी लोटते, आणि पिशव्या भरून पुस्तकं घरी जातात. समोरच्या श्रोत्यानं महाडचा सत्याग्रह वाचलेला असतो, संविधान सभेचा इतिहास वाचलेला असतो. शाहिरानं साल चुकवलं की तो तिथल्या तिथे टोकतो. वामनदादा कर्डक तर तरुणपणी, कामगार असताना, अक्षरं शिकले; त्यानंतर लिहिलेली त्यांची गाणी आजही या मैदानाच्या आसपास ऐकू येतात.

(दृश्य: वहीवर खोडलेल्या ओळी.)

वाचनाचा एक त्रासही आहे. इथे कवी ग्रेस वाचणारा प्रत्येक जण काही काळ ग्रेस होतो. संध्याकाळ, पाऊस, आई, घोडे! ग्रेसांच्या कवितेत या प्रतिमांना वजन आहे. उसन्या घेतल्या की त्या नुसत्या धूसर होतात. त्यावर उतारा म्हणजे वाचन बदलायचं. कवितेनंतर गद्य घ्यायचं: एखादं आत्मचरित्र, शेतीवरचं पुस्तक, कोर्टाची बातमी.

आणि बोली सोडायची नाही. पुस्तकी मराठी वाचली म्हणून गाण्यातला ‘काऊन’ आणि ‘बे’ काढून टाकणारे बरेच दिसतात. का, कोण जाणे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी बाहेर पडता येत नाही. अशा दुपारी पंख्याखाली बसून एक सराव करता येतो. वाचलेली एक ओळ घ्या, तिच्या मात्रा मोजा, आणि त्याच मापात आपल्या तोंडची ओळ लिहा. देवप्रियातच करून बघू:

काय बे हे ऊन आहे, सावलीले घाम ये.

मात्रा 26, बरोबर. ‘सावलीले’ छान बसलं. शेवटचा ‘ये’ मात्र कमजोर आहे, नुसता माप भरायला आलेला. त्या जागी दोन मात्रांचं दुसरं काहीतरी हवं.