ताज्या खोकल्यात ऑपरेशनची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगली जिल्ह्यात ठरवून करायच्या ऑपरेशनची तारीख शेताकडं बघून निघते. तासगावचा द्राक्षबागायतदार हर्नियाचं ऑपरेशन ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकायला बघतो. ऊस असलेला तोड होऊन जाईपर्यंत थांबतो. मुलांचे टॉन्सिल दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत निघतात. जत, आटपाडीहून मिरजेला यायचं तर सोबतीला माणूस हवं, जनावरांकडं बघणारं कुणीतरी हवं. एवढी जुळवाजुळव झाली की नेमकं आठ दिवस आधी पडसं येतं, अंग तापतं, खोकला धरतो. मग घरात ठरतं : डॉक्टरांना सांगू नका, उगाच तारीख पुढं जाईल. ही लपवालपवी किती महागात पडू शकते, ते आज सांगायचं आहे.

विषाणूचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण श्वासनलिकेच्या आतलं अस्तर तेवढ्यात भरून येत नाही. कफ वर ढकलणारे बारीक केस त्या अस्तरावर असतात, ते झडलेले असतात. अस्तराखालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. त्यामुळं जरासा धूर, थंड हवा किंवा भुलेच्या वेळी घशात घातलेली नळी एवढ्यानंही श्वासनलिका आवळते. ही चिडलेली अवस्था साधारण दोन ते सहा आठवडे राहते. म्हणजे माणूस शेतावर जायला लागलेला असतो, जेवण पूर्ववत झालेलं असतं, आणि श्वासनलिका मात्र अजून दुखरीच असते.

त्यात पूर्ण भुलेचा परिणाम मिळतो. भूल दिली की छातीचे स्नायू सैल पडतात, श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि पाठीकडचा काही भाग मिटतो. हे धडधाकट माणसातही होतं. तो खोल श्वास घेऊन, खोकून पुन्हा फुफ्फुस उघडतो. विषाणूनं आधीच कफ साठवलेला असेल, त्यात पोटावरच्या टाक्यांमुळं खोकणं नकोसं झालेलं असेल, तर मिटलेला भाग मिटलेलाच राहतो. तिथं जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीतीही वाढते, कारण विषाणू आणि ऑपरेशन दोन्ही रक्त गोठण्याकडं झुकवतात. फ्लूच्या बाबतीत हृदयाचीही काळजी असते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट दिसलं. त्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन करून घेण्यात काहीच शहाणपण नाही.

मोठी आकडेवारी कोविडची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांची नोंद ठेवली गेली. कोविड न झालेल्यांत ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आत मृत्यूचं प्रमाण दीड टक्का होतं. निदानानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत ते ४.१ टक्के भरलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३.९, पाचव्या-सहाव्यात ३.६, आणि सात आठवडे उलटल्यावर पुन्हा दीड. यातली एक गोष्ट मला आकड्यांइतकीच मोलाची वाटते : सात आठवडे होऊनही ज्यांची धाप, खोकला गेलेला नव्हता, त्यांच्यात प्रमाण सहा टक्के राहिलं. कॅलेंडर पुरेसं नाही, लक्षणंही जावी लागतात.

हे आकडे लस येण्याच्या आधीचे आहेत. आता बहुतेकांना कोविड सौम्य होतो आणि सल्लाही बदलला आहे. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की कोविडनंतर दोन आठवडे तरी ठरवून करायचं ऑपरेशन करू नये. दोन ते सात आठवड्यांत वय, मधुमेह, दमा आणि ऑपरेशन केवढं मोठं आहे हे बघून एकेका रुग्णाचा निर्णय घ्यावा. कोविड सोडून इतर विषाणूंसाठी साधारण धोरण असं : नुसतं नाकाघशाचं पडसं असेल तर दोन ते चार आठवडे, आणि छातीत उतरलं असेल, म्हणजे ताप, पिवळा-हिरवा कफ, छातीत घरघर असेल, तर चार ते सहा आठवडे. दिवस मोजायला लक्षणं सुरू झाली ती तारीख लागते. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण महिन्यानं विचारलं की कुणालाच आठवत नाही.

लहान मुलांचं जरा सविस्तर सांगायला हवं. भूल देताना किंवा उतरताना चिडलेल्या घशात लाळेचा थेंब गेला तरी स्वरयंत्राच्या पट्ट्या घट्ट मिटू शकतात आणि हवा आत जाणं थांबतं. मूल वजनाच्या मानानं मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं, साठा मात्र छोटा. त्यामुळं ऑक्सिजन बघता बघता खाली येतो. भूलतज्ज्ञ जबडा पुढं उचलतात, मास्कनं दाब देऊन शुद्ध ऑक्सिजन देतात, तेवढ्यानं सुटलं नाही तर स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. सर्दीची कल्पना आधी असेल तर हे सगळं हाताशी तयार ठेवता येतं, शक्य तिथं नळीऐवजी स्वरयंत्राच्या वरच बसणारा मास्क वापरता येतो. मूल मुदतीआधी जन्मलेलं असेल, दमा असेल, घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा ऑपरेशनच नाक-घशाचं असेल, तर धोका आणखी वाढतो. हे तर विचारलं नाही तरी सांगा. मात्र प्रत्येक शेंबडासाठी सहा आठवडे थांबायचं म्हटलं तर काही मुलांचं ऑपरेशन कधीच होणार नाही, कारण लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच. ताप नाही, नाकाला नुसतं पाणी, मूल खेळतंय, छाती स्वच्छ आहे, अशा मुलाला भूलतज्ज्ञ तपासून घेऊही शकतात. तो निर्णय त्यांचा. आपण खरं सांगायचं.

‘मला पूर्ण भूल नाही, कमरेतच इंजेक्शन आहे, मग काय बिघडतं?’ असं बरेच जण म्हणतात. घशात नळी जात नाही, हा फायदा खराच. पण सपाट झोपून तास-दीड तास खोकला आवरावा लागतो, आणि भूल पुरली नाही तर पूर्ण भूल द्यावीच लागते. मोतीबिंदूत तर डोळा सूक्ष्मदर्शकाखाली उघडा असताना आलेली एक ढास घातक ठरू शकते. हर्नियात खोकल्याचा दाब थेट नव्या टाक्यांवर आणि जाळीवर येतो.

भूलतज्ज्ञांना काय सांगायचं? लक्षणं कधी सुरू झाली, ताप किती दिवस होता, कफाचा रंग कसा, ऑक्सिजन लावावा लागला का, कुठल्या गोळ्या घेतल्या. स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर साखर वाढलेली असू शकते, ते नक्की सांगा. घरचा काढाही सांगा. त्यात ज्येष्ठमध भरपूर आणि रोज असेल तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, त्यानं भुलेत हृदयाचे ठोके बिघडू शकतात. झोप आणणारं खोकल्याचं औषध आदल्या रात्री मनानं घेऊ नका. हातावर मेंदी असेल तर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र चुकू शकतं, तेव्हा त्या महिन्यात बोटांची टोकं कोरी ठेवा.

थांबण्याचे आठवडे वाया घालवू नका. तंबाखूचा धूर पूर्ण बंद. हळदीच्या धुरळ्यात, पाचट पेटवलेल्या शिवारात जाऊ नका. दम्याचा पंप चालू असेल तर रोज घ्या, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा. रोज चाला. दोन मजले न थांबता चढता येतात का ते बघा, आणि आजारपणाआधी येत होते, आता येत नाहीत, तर तेही कळवा. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. अनेक जण फुंकतच बसतात आणि व्यायाम काहीच होत नाही. सावकाश ओढा, तीन ते पाच सेकंद धरा, सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. ऑपरेशनच्या आधी शिकलात तर नंतर दुखत असताना जमतं.

ऑपरेशन जनआरोग्य योजनेतून असेल तर तारीख बदलताना दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना त्याच दिवशी सांगा, म्हणजे मंजुरीचं काय करायचं ते वेळेत कळेल.

आणि हे सगळं थांबता येण्याजोग्या ऑपरेशनपुरतं आहे. कर्करोगाचं ऑपरेशन किती थांबवायचं हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील, आपण परस्पर पुढं ढकलू नये. हर्निया आत जाईना, गाठ कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, किंवा पोटात उजवीकडं खाली दुखून ताप आला, तर सर्दी-खोकला कितीही ताजा असो, त्याच रात्री निघा. काही खाऊ-पिऊ नका, आणि पोचल्यावर खोकल्याचं आधी सांगा.