रत्नागिरीचा थिबा राजवाडा: सिंहासन कुठे आहे?

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या मुलांची सहल घेऊन मी थिबा राजवाड्यात गेलो होतो. तळमजल्यावरची दगडी शिल्पं पाहून झाली आणि आम्ही जिना चढून वर आलो. संगमरवरी फरशीचा तो मोठा दिवाणखाना पाहिल्यावर एका मुलीनं माझा हात ओढून विचारलं, "सर, राजा होता ना? मग सिंहासन कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. "नसेल ठेवलं इथे," असं काहीतरी पुटपुटलो आणि मुलांना पुढे नेलं. ती गोष्ट मनाला लागून राहिली. पुढे जे वाचलं, शोधलं, ते सगळं त्या प्रश्नाच्या मागे लागूनच. आज तेच तुमच्यापुढे मांडणार आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1878 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो मंडालेच्या गादीवर बसला. गादी निर्वेध राहावी म्हणून 1879 मध्ये त्याच्याच घराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली. हे आधीच सांगतो, कारण त्याची कहाणी सांगताना आपण फार लवकर हळवे होतो. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रज सैन्य इरावती नदीतून आगबोटींनी वर चढलं. निमित्त होतं सागवानाच्या एका व्यापारी कंपनीला ठोठावलेल्या दंडाचं, आणि त्या कंपनीच्या नावातच आपली मुंबई होती. लढाई जेमतेम दोन आठवडे चालली. 29 नोव्हेंबरला राजाराणीला नदीकाठी नेऊन बोटीत बसवलं. तिथून रंगून, मग मद्रास आणि 1886 च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी.

आता सिंहासनाकडे येऊ. मंडालेच्या राजवाड्यात एक नाही, आठ प्रकारची सिंहासनं होती. प्रत्येकाचं दालन वेगळं, त्यावर बसण्याचे प्रसंग वेगळे. राजा गेल्यावर इंग्रजांनी त्या किल्ल्याला तेव्हाच्या व्हाइसरॉय डफरिनचं नाव दिलं आणि राजवाड्याच्या एका भागात गोऱ्या साहेबांचा क्लब थाटला. कर्झननं पुढे तो क्लब तिथून हलवायला लावला. त्याच सुमारास एक सिंहासन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आणलं गेलं. 1945 च्या मार्चमध्ये मंडाले जपान्यांकडून परत घेण्याच्या लढाईत तो सबंध लाकडी राजवाडा जळून गेला. बाकीची सिंहासनं त्यातच गेली. आपल्या घरापासून दूर, कलकत्त्यात पडलेलं तेवढं वाचलं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा, 1948 मध्ये, ते परत देण्यात आलं. आज ते यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दरबारातल्या सोन्याच्या, रत्नजडित वस्तू लंडनला गेल्या होत्या. त्या परत यायला 1964 साल उजाडलं.

त्या मुलीला आज मी सांगेन, बाळ, सिंहासन इथे कधी आलंच नाही. राजाला इथे आणलं ते सिंहासनापासून दूर ठेवायला.

राजवाडा पाहायला जाताना एवढं लक्षात ठेवून जा, अशी माझी विनंती आहे. 'राजवाडा' हा शब्द आपली फसवणूक करतो. आपण झुंबरं शोधतो, तलवारी शोधतो. त्या फारशा दिसल्या नाहीत की "काही विशेष नाही" म्हणत अर्ध्या तासात बाहेर पडतो आणि थिबा पॉइंटवर सूर्यास्ताचे फोटो काढतो. पण ही वास्तू सरकारनं एका राजकैद्यासाठी बांधली होती. 1906 मध्ये काम सुरू झालं, 1910 मध्ये संपलं. थिबा रत्नागिरीत तीस वर्षं राहिला, त्यातली पहिली चोवीस वर्षं साध्या बंगल्यांमध्ये गेली. इथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर 1916 मध्ये, सत्तावन्न वर्षांचा असताना वारला.

तिथे गेलात की आधी बाहेरून भिंतीला हात लावा. जांभा आहे, आपल्या कोकणातल्या घरांचा चिरा. खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कडक होतो. अंगभर बारीक भोकं. मग मान वर करून लाकडी कोरीवकाम बघा. खिडक्यांच्या वरच्या अर्धगोल कमानी, छपरांची ठेवण; तिथे ब्रह्मदेश आहे. आणि साग तर तिकडचाच. ज्या सागवानावरून राज्य गेलं, तेच लाकूड राजाच्या कैदेच्या घराला लागलं. ऊन कलल्यावर वर गेलात तर खिडकीच्या काचांमधून रंगीत उजेड फरशीवर उतरलेला दिसेल. पाच मिनिटं एका जागी उभे राहिलात तर तो सरकतानाही दिसतो. मला त्या इमारतीतलं सगळ्यात जिवंत काही वाटलं असेल तर तेच.

रत्नागिरीच का? तर तेव्हा इथे यायचं म्हणजे समुद्रानं यायचं. आगबोट बंदराबाहेर थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे. रेल्वे नव्हती. ती आपल्याकडे धावायला 1990 चं दशक उजाडलं. आणि आगोट लागली, म्हणजे पावसाळा सुरू झाला, की बोटी बंद. घाट उतरून कोण येणार? राजाला सोडवायला मंडालेहून कोणी निघालंच, तरी त्यानं इथवर पोचायचं कसं? सरकारनं जागा फार विचार करून निवडली होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे आज इथे उभा आहे, ती सांगतो. राजवाडा पाहून झाला की रिक्षा करा आणि टिळक आळीत जा. लोकमान्यांचं जन्मघर तिथे आहे. 1856 मध्ये ते तिथे जन्मले. 1908 मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारनं त्यांना पाठवलं कुठे? मंडालेला. तिथला तुरुंग थिबाच्याच किल्ल्याच्या तटाच्या आत होता. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या राजाच्या आवारात कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी, एकाच वेळी, एकाच सरकारचे. 1910 मध्ये थिबा या नव्या वास्तूत राहायला आला आणि 1910-11 च्या हिवाळ्यात टिळक तिकडे पेन्सिलीनं गीतारहस्य लिहीत होते. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला कैदेत आणि थिबा रत्नागिरीला, ही जोडी सगळे सांगतात. टिळकांची जोडी आपल्या गावातली आहे, ती आपण सांगायला हवी. राजवाड्यात एक मोठा नकाशा लावावा, त्यावर ही दोन गावं दाखवावीत, दोन रेघा ओढाव्यात, आणि मजकूर मराठीत असावा तसा बर्मी लिपीतही असावा. तिथे ब्रह्मदेशातून माणसं येतात हो. 2012 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः थिबाच्या समाधीवर आले होते.

समाधी शहरातच आहे. शेजारी धाकट्या राणीची, सुपयागले हिची. ती थिबाच्या आधी, 1912 मध्येच गेली. थोरली राणी सुपयालत मात्र 1919 मध्ये रंगूनला परतली आणि 1925 मध्ये तिथेच वारली. तिची कबर श्वेडगाँ पॅगोड्याच्या परिसरात आहे. नवरा इथे, बायको तिथे, मधे अख्खा बंगालचा उपसागर.

मुलींचं काय झालं, हे मला नेहमी विचारतात. चार मुली. दोघी मंडालेत जन्मल्या, तिसरी मद्रासेत, चौथी रत्नागिरीत. थोरलीचा जीव राजाच्या चाकरीतल्या एका स्थानिक माणसावर जडला आणि 1906 मध्ये तिला मुलगी झाली. ती मुलगी आईबरोबर रंगूनला गेली, पण दोघी परत आल्या, त्या रत्नागिरीलाच. थोरली राजकन्या 1947 मध्ये इथेच, गरिबीत गेली. तिची मुलगी पुढे कित्येक वर्षं आपल्यातच राहिली, मराठी बोलत, आपल्या चारचौघींसारखा संसार ओढत. मंडालेच्या राजाची नात. वस्तूंची कथा मी इतका वेळ सांगितली, पण कलकत्त्याहून सिंहासन परत गेलं, लंडनहून सोनं परत गेलं, आणि हे माणूस इथलंच होऊन गेलं. माझ्या लेखी या शहराकडे असलेला थिबाचा सगळ्यात मोठा ठेवा तो होता. पण तो काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

शेवटी एक सुचवतो. लोक डिसेंबरात जातात, हवा छान असते म्हणून. तुम्ही एकदा जुलैत जा. सोमवार टाळा. वर जाऊन पश्चिमेच्या खिडकीपाशी उभे राहा. एरवी तिथून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. थिबा दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्या बोटी बघत बसायचा, असं रत्नागिरीतले जुने लोक सांगत. जुलैत पावसाची झड लागली की समुद्र दिसत नाही, खाडीही धूसर होते आणि पागोळ्यांचा आवाज तेवढा राहतो. तेव्हा गणेशचतुर्थीच्या आसपासपर्यंत एकही बोट येत नसे. तशी तीसएक आगोटं त्यानं या गावात काढली.