चित्र डिस्कवर न उतरवता

मित्रहो, कॅमेऱ्यातून नुकतीच आलेली एक फ्रेम डोळ्यांसमोर आणा. रुंदी १९२० पिक्सेल, उंची १०८० आणि प्रत्येक पिक्सेलला निळा, हिरवा, लाल असे तीन बाइट, म्हणजे एकूण ६२,२०,८०० बाइट झाले. ही फ्रेम आपल्याला नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवायची आहे. बहुतेकांचा हात अशा वेळी सवयीने चित्र डिस्कवर जतन करण्याकडे जातो, मग तीच फाइल पुन्हा उघडून तिचे बाइट वाचले जातात. मीही अनेक महिने हेच करत होतो. एकदा दोन प्रक्रियांनी तात्पुरत्या फाइलला एकच नाव दिले आणि पलीकडे अर्धवट लिहिलेली चित्रे पोहोचू लागली, तेव्हा कुठे या वळशाची गरजच नसल्याचे माझ्या ध्यानात आले.

ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीत यासाठी, म्हणजे चित्र स्मृतीतच जेपीईजी किंवा पीएनजीच्या रूपात आणण्यासाठी, इमएनकोड हे फंक्शन आहे. त्याला ‘.जेपीजी’ किंवा ‘.पीएनजी’ असा प्रत्यय आणि चित्राचा ॲरे, म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांची मांडणी, दिली, की काम यशस्वी झाले की नाही हे सांगणारी खूण आणि बफर, म्हणजे स्मृतीतला बाइटांचा साठा, अशा दोन गोष्टी परत मिळतात. ती खूण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘बाइट’ या शब्दापाशी, म्हणून इथे थोडे थांबू. मूळ ॲरेवरच टूबाइट्स हे त्याचे बाइट काढून देणारे फंक्शन चालवले तरी बाइटच मिळतात, पण ते नुसते पिक्सेलचे आकडे असतात; रुंदी किती, उंची किती, रंगांचा क्रम कोणता, यांतले काहीही त्यांत नसते. एनकोड केलेला बफर मात्र स्वतःची ओळख सोबत घेऊन येतो. जेपीईजीचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६ असतात. पीएनजीचा पहिला बाइट १३७ असतो आणि त्यानंतरच्या तीन बाइटांत पी, एन, जी ही अक्षरेच लिहिलेली असतात. कच्चे बाइट इमडीकोड या बफरमधून पुन्हा चित्र उभे करणाऱ्या फंक्शनच्या हाती दिले तर पायथनमध्ये ते कोणतीही तक्रार न करता ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करते आणि चूक पुढे भलत्याच ओळीत उघडी पडते. म्हणून बफरचे पहिले काही बाइट छापून पाहण्याची सवय मी विद्यार्थ्यांना आवर्जून लावतो.

जेपीईजीची गुणवत्ता ० ते १०० या पट्ट्यात ठरवता येते. ओपनसीव्ही ती न सांगता ९५ धरते, तर पिलो ही पायथनची दुसरी चित्र-लायब्ररी ७५. त्यामुळे तेच चित्र दोन्हीकडून वेगवेगळ्या आकाराचे निघाले, तर दचकू नये. क्ष-किरण चित्रासारख्या, प्रत्येक पिक्सेल जपण्याच्या कामी मात्र मी पीएनजीच वापरतो, कारण जेपीईजीत गेलेला तपशील परत येत नाही.

पिलोमध्ये बाइट्सआयओ ही स्मृतीतली फाइल वापरतात. तिला नाव नसल्याने चित्राचा प्रकार आपणच सांगावा लागतो. जतन झाल्यावर वाचनाची जागा शेवटाला पोहोचलेली असते, तिथून लगेच वाचायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. एक तर सीक वापरून सुरुवातीला परत यावे, नाही तर सरळ गेटव्हॅल्यूने सगळे बाइट मागावेत.