आक्रात खोली बघायची तर शुक्रवारी रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

घानाची राजधानी आक्रा. आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली कामानिमित्त तिकडे जातात. कुणी टेमा बंदराजवळच्या कारखान्यात, कुणी औषधांच्या व्यापारात. विमानाचं तिकीट कंपनी काढते, पण राहायचं कुठं हे बहुधा ज्याचं त्यालाच बघावं लागतं. तर आज त्याबद्दल.

पहिली गोष्ट, काम जिथं असेल त्याच बाजूला राहा. आक्राची वाहतूक सकाळी आणि संध्याकाळी तुंबते, आणि तुंबली की तुंबलीच. टेमाला काम असेल तर टेमातच राहा, नाहीतर स्पिंटेक्स रस्त्याला. लेगॉनच्या विद्यापीठात काम असेल तर ईस्ट लेगॉन महाग, मदिना त्या मानानं स्वस्त. सरकारी कचेऱ्यांत खेटे घालायचे असतील तर रिज किंवा ओसू. ओसूला दुकानं, खाणावळी, बँका सगळं पायी अंतरावर. पुन्हा सांगतो, आधी कामाची जागा बघा आणि मग खोली.

दुसरी गोष्ट पाणी. नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून घरोघरी काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या असतात. पॉलिटँक म्हणतात त्यांना. टाकी आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ती किती खोल्यांत वाटलेली आहे ते विचारा. तुम्हाला हे काय नव्यानं सांगायचं! उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली माणसं तुम्ही.

तिसरी वीज. तिथल्या भारनियमनाला दमसोर म्हणतात. 2012 ते 2015 या काळात त्यानं लोकांना अगदी जेरीला आणलं होतं. आता तेवढं नाही, पण जनरेटर आहे का आणि त्याचं डिझेल कोण भरतं, हे विचारून ठेवा.

आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असेल तर सरळ दुसरी खोली मागा. समुद्रकाठचं दमट गाव, त्यात गालिचा! हा प्रकार जगभरच्या हॉटेलांनी कुणाच्या सांगण्यावरून सुरू केला कोण जाणे. आमच्या आकाशवाणीच्या जुन्या स्टुडिओतसुद्धा एक होता, त्याच्या वासानं निम्मे कलाकार शिंकत गायचे. पण ते राहू द्या.

आता अण्णांची गोष्ट सांगतो. अण्णा म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशिनी बसवण्याचं काम करायचे. माणूस इतका चिकित्सक की बाजारात नारळ घ्यायचा तर दहा वाजवून बघणार आणि अकरावा घेणार. कंपनीनं त्यांना आक्राला पाठवलं ते मे महिन्याच्या मध्यात. ओसूच्या एका गल्लीत त्यांनी गेस्ट हाऊस बघितलं. बघितलं म्हणजे कसं? नळाखाली बादली लावून ती किती वेळात भरते ते घड्याळात पाहिलं. फ्लश ओढला. खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवलं. टेस्टर नेला होता, तो प्रत्येक प्लगमध्ये घातला. रात्री दहा वाजता गॅलरीत उभं राहून कानोसा घेतला. चिडीचूप! कुंपणापलीकडे पत्र्याची एक लांबलचक शेड होती आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड. अण्णांना वाटलं, मंगल कार्यालय असेल. लग्नं काय रोज थोडीच होतात? तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून मोकळे झाले.

रविवारी त्या शेडमधून टाळ्या आणि गाणं ऐकू आलं, तेही हलकं हलकं. अण्णांनी घरी फोनवर सांगितलं, 'शेजारी भजनी मंडळ आहे, फार सोज्वळ लोक.'

इथं थोडं थांबून एक सांगायला हवं. आक्रा ही मुळात 'गा' नावाच्या जमातीची भूमी. ऑगस्टच्या सुमारास त्यांचा होमोवो नावाचा मोठा सण असतो. त्याआधी मे महिन्यात बाजरीची विधिपूर्वक पेरणी होते, आणि पेरणीनंतर साधारण महिनाभर ढोल वाजवायचा नाही, गोंगाट करायचा नाही. देवांना शांतता हवी आणि पिकाला देवांची कृपा. ही नुसती रूढी नाही बरं का. महापालिका दरवर्षी तारखा जाहीर करते, पोलिसांसह पथकं फिरतात. चर्च असो, मशीद असो, दारूचा गुत्ता असो, लाऊडस्पीकर बाहेर लावायचा नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी यावरून चर्चवाले आणि गा तरुण यांच्यात हाणामाऱ्याही झाल्या होत्या. ओसूच्या तारखा वेगळ्या, 'ला' आणि 'टेशी' या शेजारच्या वस्त्यांच्या वेगळ्या. पण बहुतेक मे-जूनच्या सुमारास.

अण्णा नेमके त्या महिन्यात जाऊन पोहोचलेले!

जूनमध्ये बंदी उठली. पहिलाच शुक्रवार. अण्णा दहाला अंथरुणावर पडले, आणि पलीकडच्या शेडमधून ड्रम सुरू झाला. मग बास गिटार. मग माइकवर पाद्री. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. अण्णांना वाटलं, अकराला थांबतील. अकराला तर रंग चढला. शुक्रवारची रात्रभर चालणारी प्रार्थना होती ती, पहाटे चारपर्यंत.

सकाळी ते मालकीणबाईंकडे गेले. बाई साठीच्या, पांढऱ्या झग्यात, डोळे तांबारलेले. त्या स्वतःच रात्रभर तिथं होत्या! म्हणाल्या, 'अहो, तुम्ही आलात तो गप्प बसण्याचा महिना. नळाचं विचारलंत, संडासाचं विचारलंत, चर्चचं कुठं विचारलंत?' आणि वर पेजेचा वाडगा पुढे केला. समोर कुणी असताना एकट्यानं खायचं नाही, ही तिथली पद्धत.

बाई मनानं चांगल्या. त्यांनी मागच्या बाजूची खोली दिली. तिथं चर्चचा आवाज कमी, पण खाली खाणावळ होती, आणि दहा वाजल्यापासून उखळात फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा आणि केळ्यांचा गोळा, कांडायचं काम चाले. धप, धप, धप. रविवारी दुपारी तरी झोपू म्हणणाऱ्या अण्णांच्या डोक्यात मुसळ बसायचं. आठवड्यात परत पुढच्या खोलीत आले.

आणि मग एका शुक्रवारी रात्री दमसोर झाला. गेस्ट हाऊसचा जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. पंखा बंद, डास चालू. पलीकडच्या शेडमध्ये मात्र लखलखाट! चर्चचा जनरेटर नवा कोरा होता. अण्णा तासभर घामात लोळले, मग उठले, स्वच्छ शर्ट घातला आणि गेले पलीकडे. दारातल्या मुलानं त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत नेलं. पाद्रींनी माइकवरून 'भारतातून आलेले आमचे बंधू' म्हणून स्वागत केलं, शेदोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नमस्कार केला, खाली बसले, आणि डोक्यावरच्या पंख्याखाली, त्या भिंतीएवढ्या स्पीकरपासून हातभर अंतरावर, गाढ झोपले. पहाटे चारला मालकीणबाईंनी खांदा हलवून उठवलं. बाईंनी चर्चमध्ये सांगितलं म्हणे, की या माणसाला आमच्या प्रार्थनेत जी शांती मिळाली ती कुणालाच मिळाली नाही.

पुढचे शुक्रवार त्यांनी तिथंच काढले. मशिनी मात्र वेळेत बसवल्या हो.

तर श्रोतेहो, खोली बघायची ती शुक्रवारी रात्री, आणि मे-जून सोडून. मे-जूनमध्येच गेलात तर कुंपणापलीकडे काय आहे ते विचारा. खुर्च्यांची चवड दिसली तर नक्की विचारा.

वेळ संपत आली, बाकीचं भराभर सांगतो. मे-जून पावसाचे महिने, तेव्हा ओडॉ नदीच्या काठचा सखल भाग टाळा. 3 जून 2015 ला तिथल्या एन्क्रूमा सर्कल या मोठ्या चौकात पूर आला, लोक आडोशाला पेट्रोल पंपावर थांबले आणि तिथं स्फोट झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. खोली वरच्या मजल्यावरची घ्या. मलेरिया बाराही महिने, म्हणून मच्छरदाणी घरूनच न्या. वर्षभरासाठी घर घेणार असाल तर मालक एक-दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतो. 1963 च्या भाडे कायद्यानं सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. हे माहीत असू द्या, म्हणजे घासाघीस करायला तोंड राहतं. आणि पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर विमानतळावरच अडाल. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो दाखला लागू होतो, तिकीट त्या हिशोबानं काढा.

नमस्कार.