नारिंगी अक्षरांचा वर्ग

(काळा पडदा. त्यावर एकेक करून नारिंगी अक्षरं उमटतात.)

हा उजेड निऑनचा. दुकानांच्या पाट्यांत असतो, तोच वायू. 1972 नंतर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातली मुलं या उजेडासमोर बसून रसायनशास्त्र शिकत होती.

सुरुवात 1960 ची. संगणकाकडून शिकवून घेता येईल का, यावर जाणकारांची समिती बसली आणि समित्यांचं होतं तेच झालं. एकमत होईना. मग डोनाल्ड बिट्झर या तरुण अभियंत्यानं सरळ यंत्रच जोडायला घेतलं. इलियाक नावाचा अवाढव्य संगणक, एक टीव्ही आणि मोजक्या बटणांचा कीपॅड. नाव ठेवलं प्लेटो. एका वेळी विद्यार्थी एकच.

एका मुलाचा कसला आलाय वर्ग? मुलं वाढवायची म्हटलं, की घोडं अडायचं पडद्यापाशी. टीव्हीवरचं चित्र टिकवायचं तर ते सतत नव्यानं काढत राहावं लागतं, म्हणजे कुठंतरी साठवूनही ठेवावं लागतं. त्या काळात मेमरीला सोन्याचा भाव. 1964 मध्ये बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी हे लक्षात ठेवायचं काम पडद्याच्याच गळ्यात घातलं. दोन काचांमध्ये वायू कोंडला. त्यातला एखादा ठिपका पेटवला, की विझवेपर्यंत पेटलेलाच. हाच प्लाझ्मा पडदा. प्लाझ्मा म्हटलं की आपल्याला दिवाणखान्यातला टीव्ही आठवतो. त्याचा जन्म असा अभ्यासापायी झालेला.

(पडद्यावर बोट टेकतं. धडा पुढं सरकतो.)

होय, बोटानं. कडेला अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची जाळी होती. बोट आडवं आलं, की यंत्राला जागा कळायची.

प्राध्यापकांना धडे स्वतःच लिहिता यावेत म्हणून पॉल टेन्झार यांनी 'ट्यूटर' ही भाषा रचली. उत्तरात कोणते शब्द हवेतच आणि कोणते आले काय, न आले काय, हे आधीच सांगून ठेवायचं. 'हा काटकोन त्रिकोण आहे' म्हणा, नाहीतर नुसतं 'काटकोन त्रिकोण', दोन्ही बरोबर. स्पेलिंग चुकलं, तर तेवढ्याच शब्दाखाली खूण. आणि दहाव्यांदा चुकलं तरी कपाळावर आठी नाही!

पोरं मात्र अभ्यासावर थोडीच थांबणार? 1973 मध्ये 'टॉकोमॅटिक' आलं. चारपाच जणांनी एकाच वेळी गप्पा मारायच्या, प्रत्येकाला पडद्यावर आपापला चौकोन. समोरचा लिहील तसं अक्षर न् अक्षर दिसायचं. अडखळलेलं दिसायचं, खोडलेलंही.

(एका चौकोनात शब्द उमटतो. थांबतो. मागं जातो.)